तीन नंबरच्या खोलीतली थंडी

१

सोमवारी सकाळी नर्सरीतून फोन आला आणि तो नेमका साहेबांनीच उचलला. एरवी साहेब तक्रारीच्या फोनच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. चुकून उचललाच तर "जरा जुळवून घ्या" म्हणायचं आणि ठेवायचा, ही त्यांची जुनी रीत. लिफ्ट बंद पडो, खुर्चीचा पाय मोडो, माणसं सोडून जावोत, साहेबांकडे औषध एकच. पण त्या दिवशी पलीकडच्या बाईंनी त्यांना तोंड उघडायची फुरसत दिली नाही.

"तुमच्या त्या नव्या प्रोग्रामने माझी रोपं मारली," त्या म्हणाल्या. "तीन नंबरच्या खोलीतली. सगळ्यांनी माना टाकल्यात. ही रोपं आता रानात कुठेही उरलेली नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

साहेबांनी फोन ठेवला आणि शंकाबाईंना बोलावलं. शंकाबाई म्हणजे ऑफिसातली तपासनीस. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये खोट काढायची, हे तिचं काम. हे नाव कुणीतरी चिडून ठेवलं होतं, पण तिला ते इतकं आवडलं की ती स्वतःही फोनवर "शंकाबाई बोलतेय" असंच सांगायची.

आता गोष्ट पुढे नेण्याआधी एक सांगायला हवं. हे ऑफिस काचेच्या उबदार खोल्यांमध्ये रोपं वाढवणाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहायचं. हीटर कधी लावायचा, कधी बंद करायचा, हे तो प्रोग्राम ठरवायचा. त्याच्या पोटात एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटं आली असतील, तर ती बाजूला सारा. ही लायब्ररी म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं, पुन्हापुन्हा उसनं घ्यायचं काम. भिंतीवरच्या सेन्सरकडून आकडा घ्यायचा आणि खोलीत किती अंश आहे ते सांगायचं, एवढाच तिचा धंदा. ती आप्पांनी, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामरने लिहिली होती, त्यांचे केस काळे होते तेव्हा. ऑफिसात तिला सगळे म्हातारीच म्हणायचे. आता तिच्या जागी छोटीने नवी लायब्ररी लिहिली होती. छोटी म्हणजे ऑफिसातली सगळ्यात लहान प्रोग्रामर. शुक्रवारी संध्याकाळी म्हातारीला निवृत्त करून नवीला कामाला लावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सोमवारी हा फोन.

"मी लगेच म्हातारीला परत बसवलीय," साहेब म्हणाले. "खोली तासाभरात गरम झाली. पण रोपं गेली ती गेली. आणि गंमत बघा बाई, शनिवार-रविवारच्या नोंदी काय म्हणतात? तीन नंबरची खोली दोन्ही दिवस चोवीस अंशांवर. जशी हवी तशी."

"मग रोपांना थंडी कशी वाजली?"

"तेच तर. कुणीतरी खोटे आकडे दाखवले. आणि नवी आल्यावर पोट कुणाचं दुखेल?" साहेबांनी आवाज खाली आणला. "शुक्रवारी दुपारी आप्पा एकटेच नर्सरीत गेले होते. तीन नंबरमध्ये. हातात स्टूल घेऊन. तिथल्या वॉचमनने बघितलंय."

तपासणीचं काम शंकाबाईंना आप्पांनीच शिकवलं होतं. या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, म्हातारीच्या पाठोपाठ.

"संध्याकाळपर्यंत मला काही वेगळं दाखवा," साहेब म्हणाले. "नाहीतर आप्पांच्या नावाने तक्रार जाईल. पोलिसांत आणि प्रत्येक ग्राहकाकडेही."

२

नर्सरी गावाच्या टोकाला होती. एका ओळीत चार काचेच्या खोल्या, मधून विटांची पायवाट. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई डॉक्टरेट मिळवलेल्या, पण त्यांना सगळे रोपांची आईच म्हणत, आणि त्या दिवशी त्यांचा चेहराही तसाच झाला होता. रात्रभर आजारी लेकराच्या उशाशी बसल्यावर होतो तसा.

"आधी इकडे बघा," म्हणून त्यांनी एक नंबरची खोली उघडली. दारासमोरच्या भिंतीवर, टेबलाच्या उंचीला, सेन्सरची पांढरी डबी होती. शंकाबाईंनी वाकून तिच्यावरचा नंबर वाचला. दोन नंबरमध्ये तेच, चार नंबरमध्ये तेच. रोपं तिन्हीकडे मजेत होती.

"मजेत कसली, उलट तरारलीत," रोपांची आई म्हणाल्या. "एरवी या खोल्यांत पाय ठेवला की घाम फुटतो. आज सकाळी आले तर किती छान वाटत होतं. यांना नवा प्रोग्राम मानवला आणि माझ्या तीन नंबरला तेवढा मारक ठरला, असं कुठे असतं?"

तीन नंबरमध्ये मात्र चित्र उलटं होतं. ट्रेमागून ट्रे, आणि बोटाएवढी रोपं सगळी एका बाजूला कललेली. काहींचे देठ काळे पडले होते, काही नुसतीच मलूल होती. छताला टांगलेल्या कुंड्यांतून वेली खाली लोंबत होत्या. दारासमोरच्या भिंतीवर एका जांभळ्या फुलाचा चौकटीत बसवलेला फोटो होता.

"ही यांची आई," रोपांची आई म्हणाल्या. "डोंगरावरचं शेवटचं झाड. आता तेही नाही. त्याच्या बियांपासून ही केली. चार अंश कमी झाले तर आपण शाल घेतो, पण ही जातात."

फोटो फार सुंदर होता, पण इतका खाली लावलेला की बघायला वाकावं लागत होतं. फोटो कुणी टेबलाच्या उंचीला लावतं का? शंकाबाईंच्या मनात ते कुसळासारखं अडकलं.

"मॅडम, या खोलीत गेल्या काही दिवसांत काही हलवलं? काही बदललं?"

"काहीही नाही. इथलं पानसुद्धा माझ्याशिवाय कुणी हलवत नाही. बदललात ते तुम्ही."

त्या खरं बोलत होत्या. शंकाबाईंना खोटं बोलणाऱ्यांचा वास येतो, आणि इथे तो अजिबात नव्हता. ती बाहेर पडली ती थेट वॉचमनकडे.

"आले होते ना, ते पांढऱ्या केसांचे," वॉचमन म्हणाला. "चारही खोल्यांत गेले. भला माणूस, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. तीन नंबरला गेले आणि परत येऊन स्टूल मागितलं."

"बाकीच्या खोल्यांत स्टूल नाही नेलं?"

"नाही. तीन नंबरलाच. का, काही चोरीला गेलंय का बाई?"

शंकाबाई फाटकाकडे निघाल्याही होत्या. चारही खोल्यांत गेलेल्या माणसाला स्टूल एकाच खोलीत का लागावं?

३

आप्पा आपल्या टेबलाशी बसून खण रिकामे करत होते. वाळलेली पेनं, चष्म्याची जुनी काडी, कुणाच्या तरी लग्नातला फोटो, असला सगळा ऐवज एका खोक्यात जात होता.

"ये शंके," ते म्हणाले. "तुला पाठवणार हे मला ठाऊकच होतं."

"आप्पा, शुक्रवारी नर्सरीत कशाला गेला होतात?"

"फिरायला."

"स्टूल घेऊन?"

आप्पा हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "पाय दुखतात हल्ली. बसायला लागतं."

तासभर तिने सगळे उपाय करून बघितले. रागावली, लाडीगोडी लावली, पोलिसांची भीती घातली. आप्पांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. शेवटी ती वैतागून म्हणाली, "उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याला स्वतःचं काम पुसलं गेलेलं बघवलं नाही, म्हणून त्याने रोपं मारली. चालेल तुम्हाला?"

आप्पांचा हात खोक्यात थबकला. लागलं होतं त्यांना, चांगलंच लागलं होतं.

"लिही तसंच," ते म्हणाले. "माझं नाव लिही आणि मिटव हे. पण छोटीला यात ओढू नको."

छोटीचं नाव तर शंकाबाईंनी काढलंच नव्हतं.

४

छोटी जिन्यात बसली होती. डोळे सुजलेले, मांडीवर लॅपटॉप, त्यावर राजीनाम्याची दोन ओळींची मेल टाइप केलेली.

"ती मेल राहू दे," शंकाबाई तिच्या शेजारी पायरीवर बसत म्हणाल्या. "आधी मला सांग, म्हातारीत आणि तुझ्या नवीत फरक काय?"

"ताई, फरक असा फार नाही. स्वच्छ लिहिलीय, लवकर चालते. एकच गोष्ट मी काढली. म्हातारी सेन्सरने दिलेल्या आकड्यातून गुपचूप चार अंश वजा करायची. मला काही कळेना, म्हणून आप्पांना विचारलं. ते म्हणाले, पूर्वीचे सेन्सर चार अंश जास्त दाखवायचे, म्हणून ते घातलं होतं. आता सगळीकडे नवे सेन्सर बसवलेत, ते बरोबर दाखवतात. ती वजाबाकी केव्हाच काढायला हवी होती, तू काढून टाक."

"आणि तू काढलीस."

"काढली. इथे टेबलावर सेन्सर ठेवून तपासली, तुम्हीही तपासलीत. बरोबर येत होतं." छोटीचा आवाज फुटला. "माझ्यामुळेच गेली ना ती रोपं?"

शंकाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण डोकं दुसरीकडेच धावत होतं. म्हातारी चार अंश उगाच वजा करत होती. म्हणजे खोलीत चोवीस असताना ती वीस सांगणार, आणि हीटर तापतच राहणार. खोल्या वर्षानुवर्षं चार अंश जास्त गरम. म्हणूनच तिथे घाम फुटायचा, आणि म्हणूनच नवी आल्यावर बाकीची रोपं तरारली. इथवर सगळं जुळत होतं. घोडं पेंड खात होतं ते तीन नंबरपाशी.

ती उठली आणि पुन्हा आप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही शुक्रवारी काचेचा थर्मामीटर घेऊन गेला होतात," ती म्हणाली. "म्हातारीला हलवायच्या आधी, छोटीला दिलेला सल्ला बरोबर होता की नाही ते बघायला. तीन खोल्या चार अंश जास्त गरम निघाल्या. बरोबर?"

आप्पांनी मान डोलावली.

"आणि तीन नंबर?"

मग आप्पा हळू आवाजात म्हणाले, "तीन नंबर अगदी बरोबर होती गं. वाटलं, तिथे जुना सेन्सर राहिला असेल. चढून बघितलं, तर नवाच. मग म्हटलं, दार उघडं राहिलं असेल, गार वारा आला असेल. आणि सोडून दिलं. सोडायला नको होतं." त्यांनी चष्मा काढला. "आता मी हे सांगितलं, तर सगळे काय म्हणतील? म्हातारी होती तोवर ती खोली ठीक होती, छोटीने चार अंश काढले आणि रोपं मेली. पोरीचं पहिलंच काम. ती पुन्हा कीबोर्डला हात लावायची नाही. माझं काय, मी तर निघालोच आहे."

शंकाबाईंना रडू आलं आणि हसूही आलं. हसू जास्त, कारण तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता.

"आप्पा, चढून बघितलं म्हणालात ना?" ती म्हणाली. "चला. साहेबांनाही घ्या. छोटीलाही. आणि ते स्टूल पुन्हा लागणार आहे."

५

ऊन उतरायच्या आत सगळे तीन नंबरच्या खोलीत दाटीवाटीने उभे होते. साहेब अवघडून, छोटी दाराला टेकून, आप्पा मागे. रोपांची आई ट्रेंच्या पुढे हात पसरून उभ्या होत्या, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

"सकाळपासून आपण सगळे एकच विचारतोय, काय बदललं," शंकाबाई म्हणाल्या. "मीही तेच विचारत हिंडले. चुकलंच माझं. काय बदलायचं राहून गेलं, ते विचारायला हवं होतं."

"बाई, मुद्द्यावर या," साहेब म्हणाले.

"आलेच. चार खोल्या, एकच प्रोग्राम. म्हातारी चार अंश चुकायची, तर चारही खोल्यांत चुकायला हवी. तीन खोल्यांत चुकली. इथे मात्र बरोबर आली. आता चुकणारा माणूस एकाच घरात बरोबर ठरतो कसा? त्या घरातही तेवढीच चूक असेल, पण उलट्या बाजूची, तर. एक चूक चार अंश खाली ओढतेय, दुसरी चार अंश वर ढकलतेय. दोघींची फिट्टंफाट. शुक्रवारी आपण पहिली चूक काढली. दुसरी इथेच राहिली."

"कुठे?" छोटीने विचारलं. सकाळपासून तिने पहिल्यांदाच मान वर केली होती.

"आप्पांना सेन्सरचा नंबर वाचायचा होता. बाकीच्या खोल्यांत तो मी नुसती वाकून वाचला. इथे आप्पांना स्टूल लागलं. कुणाला आणखी काही सांगायला हवं का?"

सगळ्यांनी माना वर केल्या. शंकाबाई स्टुलावर चढल्या, टांगलेल्या वेली बाजूला केल्या. छताखालून हीटरचा गरम पाइप जात होता, आणि त्याला जवळजवळ चिकटून, पानांआड, ती पांढरी डबी होती.

"ही बिचारी खरंच बोलतेय. तिच्याभोवती चोवीसच अंश आहेत. पाइपाशेजारी बसल्यावर दुसरं काय सांगणार? खाली ट्रेमध्ये वीस असले, तरी तिला काय त्याचं." शंकाबाईंनी खाली उतरून जांभळ्या फुलाचा फोटो अलगद काढला. मागे भिंतीवर स्क्रूची दोन भोकं होती, बरोबर टेबलाच्या उंचीला. "डबीची मूळ जागा ही. मॅडम, ती वर कुणी नेली?"

रोपांच्या आईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली त्याला. मी विसरूनही गेले होते. तुमच्या माणसांनी नव्या डब्या बसवल्या आणि त्यानंतर ही खोली भट्टीसारखी तापायला लागली. दुसऱ्या खोल्यांतली रोपं दणकट, त्यांनी सोसलं. यांच्या आधीची एक पिढी होती इथे, ती करपायला लागली. मी तुमच्या ऑफिसला फोन केला."

"काय सांगितलं ऑफिसने?"

"म्हणाले, आमच्याकडून सगळं ठीक आहे, तुम्ही जरा जुळवून घ्या."

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. साहेब आपल्या बुटांकडे अशा तन्मयतेने बघत होते की जणू ते आज सकाळीच विकत घेतले होते.

"मग मी जुळवून घेतलं," रोपांची आई म्हणाल्या. "डबी काढली आणि पाइपाकडे सरकवत नेली, हातातला थर्मामीटर आणि तुमचा आकडा एक होईपर्यंत. भोकं वाईट दिसत होती, म्हणून फोटो लावला." त्या मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे मीच मारली यांना."

"नाही हो मॅडम," शंकाबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "तुम्ही इतकी वर्षं जगवलीत. बाकीच्या तीन खोल्यांकडे एवढं निरखून कुणी बघितलंच नाही, म्हणून तिथल्या डब्या जागच्या हलल्या नाहीत. जिथे जीव लावला होता, तिथेच हे झालं. चूक असलीच तर आमची. आम्ही जुनं काढलं, पण जुन्यासोबत लोक कसे राहायला शिकले होते, ते विचारलं नाही."

मागून आप्पा पुढे आले. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, स्टुलावर चढले आणि डबी सोडवली. जुन्या भोकांत स्क्रू घट्ट बसले. छोटीने तिथेच ट्रेच्या कडेला लॅपटॉप टेकवून नवी लायब्ररी पुन्हा चालू केली. छतातला पाइप टकटक करत तापायला लागला.

"जगतील?" साहेबांनी हळूच विचारलं.

रोपांच्या आईंनी एका रोपाच्या मुळाशी बोट घातलं, मग दुसऱ्याच्या. "ज्यांचा देठ हिरवा आहे त्यांची मुळं शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "आता बघू."

६

आप्पांच्या नावाची तक्रार साहेबांच्या कॉम्प्युटरवर अर्धी लिहून पडली होती. ती त्यांनी सगळ्यांसमोर पुसली. मग आप्पांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि घसा खाकरत राहिले. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला ती मागणं किती जड जातं, ते त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं.

"आप्पा, माझं चुकलं," शेवटी ते म्हणाले.

"माझंही," आप्पा म्हणाले. "मी वेळेवर बोललो नाही. पण आता एक ऐका. आपल्या लायब्ररीवर चालणाऱ्या खोल्या काही एकाच नर्सरीत नाहीत. आणि तुम्ही आजवर किती जणांना जुळवून घ्यायला सांगितलंय, ते तुम्हालाच ठाऊक."

साहेबांना दरदरून घाम फुटला.

त्या दिवसापासून नवी लायब्ररी कुठेही नुसती पाठवायची नाही, असं ठरलं. आधी माणूस जाईल, हातातल्या थर्मामीटरने खोली मोजेल आणि विचारेल, "आमच्या म्हातारीसाठी तुम्ही काय काय सोसलंत?" मग कुठे डबीला गुंडाळलेला टॉवेल निघाला, कुठे कायम अर्धी उघडी ठेवलेली खिडकी, तर एका ठिकाणी मालकाने प्रोग्रामला चोवीसऐवजी वीसच हवेत असं सांगून ठेवलं होतं आणि का ते कुणालाच आठवत नव्हतं. जाणारी माणसं दोन होती. छोटी, आणि निवृत्ती थोडी लांबवलेले आप्पा. रस्ताभर आप्पा तिला म्हातारीच्या गोष्टी सांगायचे आणि छोटी त्यांच्याशी वाद घालायची, असं म्हणतात.

शेवटची खोली नवीवर गेली तेव्हा म्हातारी कुठेच उरली नव्हती, ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर सोडून. सगळे आप्पांभोवती जमले. छोटीने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्हीच पुसा तिला, आप्पा."

आप्पांचं बोट डिलीटच्या बटणावर टेकलं आणि तिथेच राहिलं. एवढ्यात शंकाबाईंचा फोन वाजला. रोपांच्या आईंनी फोटो पाठवला होता. तीन नंबरच्या खोलीतला ट्रे, मधल्या बऱ्याच जागा रिकाम्या, पण उरलेल्या सगळ्या रोपांच्या माना ताठ. आणि एका रोपाच्या शेंड्याला, डोळे बारीक करून बघावं लागेल एवढी, जांभळी कळी.

शंकाबाईंनी फोन आप्पांपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. मग छोटीकडे दिला.

"हे तुझं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.